पहिली ड्युअल स्पोर्ट बाइक घेताय? सीसीआधी वजन बघा

पाण्याचे फवारे उडवत ओढा ओलांडणारी बाइक, मागे बर्फाचे डोंगर आणि खाली लिहिलेलं ‘लडाख’. असे रील बघून घरातला मुलगा किंवा मुलगी एक दिवस जाहीर करते, ‘मलाही अशीच बाइक हवी.’ आईच्या पोटात गोळा येतो, बाबा किंमत विचारतात आणि मित्रमैत्रिणी सल्ला देतात, ‘घ्यायचीच तर मोठी घे. छोटी घेतलीस तर वर्षभरात कंटाळशील.’

या तिघांत मित्रांचा सल्ला सगळ्यात महागात पडू शकतो. कच्च्या रस्त्यावर नवशिक्याची बाइक आज ना उद्या पडतेच. ती एकट्याने उचलता आली तर तुम्ही शिकत राहता. नाही आली तर हौस तिथेच संपते आणि हजारो रुपयांचा हप्ता मात्र दर महिन्याला चालू राहतो. म्हणूनच पहिली बाइक निवडताना सीसीआधी वजन बघा.

ड्युअल स्पोर्ट म्हणजे नेमकं काय?

डांबरी आणि कच्च्या, अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी हलकी बाइक म्हणजे ड्युअल स्पोर्ट. हेडलाइट, आरसे आणि नंबर प्लेट असल्यामुळे ती रोज कॉलेजला किंवा ऑफिसला नेता येते. शर्यतीची डर्ट बाइक अशी रस्त्यावर आणता येत नाही. ॲडव्हेंचर टूरर लांबच्या प्रवासासाठी चांगली, पण ती बरीच जड असते. यामाहाने १९६८ मध्ये २५० सीसीची डीटी-१ आणली आणि अशा बाइक जगभर लोकप्रिय झाल्या.

आपल्याकडे हिरोने २०११ मध्ये १५० सीसी वर्गातली इम्पल्स आणली. तेव्हा तिला फारसे ग्राहक मिळाले नाहीत आणि ती बंद झाली. २०१९ मध्ये आलेल्या एक्सपल्स २०० ने मात्र चित्र बदललं. आज नवशिक्यांच्या चर्चेत तिचंच नाव सर्वात आधी येतं. पुढे तिची फोर व्हॉल्व्ह आवृत्ती आली, २०२५ मध्ये एक्सपल्स २१० आली आणि कावासाकीची केएलएक्स २३० हाही पर्याय उपलब्ध झाला.

साध्या बाइकपेक्षा वेगळं काय?

पुढचं चाक मोठं असतं. एक्सपल्सचं पुढचं चाक २१ इंची आणि मागचं १८ इंची आहे. मोठं चाक दगडाला अडण्याऐवजी त्यावरून सहज चढून जातं. इंजिनाखाली जागाही जास्त असते. स्प्लेंडरचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी आहे, तर एक्सपल्स २०० चा २२० मिमी. सस्पेन्शन जास्त खालीवर होतं, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट पाठीला बसत नाही. तारांची म्हणजे स्पोकची चाकं धक्का बसल्यावर थोडी लवचीक राहतात. अलॉय व्हील अशा वेळी तडकू शकतं.

स्पोकच्या चाकांची एक अडचण मात्र दुकानात कोणी सांगत नाही. बहुतेकांत ट्यूब असते. पंक्चर झालं की चाक खोलावं लागतं आणि २१ इंची ट्यूब प्रत्येक गावात मिळत नाही. लांब जाताना एक जादा ट्यूब सोबत ठेवा आणि ती बदलायलाही शिका.

वजन आणि उंचीचं गणित

स्प्लेंडरचं वजन सुमारे ११२ किलो. केएलएक्स २३० सुमारे १४० किलोची, एक्सपल्स २०० फोर व्हॉल्व्ह सुमारे १६० किलोची, एक्सपल्स २१० जवळपास १७० किलोची, तर रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० चक्क १९६ किलोची आहे. हिमालयन ही वाईट बाइक नाही. महामार्गावर ती नक्कीच जास्त आरामदायी आहे. पण चिखलात आडवी झालेली १९६ किलोची बाइक आणि १६० किलोची बाइक यातला फरक तुमच्या कमरेला लगेच कळतो.

दुसरा मुद्दा सीटच्या उंचीचा. स्प्लेंडरची सीट ७८५ मिमी उंच आहे, एक्सपल्स २०० ची ८२५ मिमी आणि केएलएक्सची सुमारे ८८० मिमी. म्हणजे सर्वात हलकी बाइक सीटच्या बाबतीत सर्वात उंच! म्हणून फक्त आकडे वाचून ठरवू नका. चालवताना घालणार आहात तेच बूट घालून शोरूममध्ये जा आणि बाइकवर बसून बघा. दोन्ही टाचा जमिनीला टेकायलाच हव्यात असं नाही. एका बाजूला सरकून एक पाय भक्कम टेकला आणि तसंच पायाने ढकलत बाइक मागे घेता आली, तर काम भागतं.

पडलेली बाइक कशी उचलायची?

आधी इंजिन बंद करा आणि स्वतःला कुठे लागलंय का ते बघा. बाइक उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडा आणि शक्य असेल तर गिअर टाकून ठेवा, म्हणजे चाक घरंगळणार नाही. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा. आता बाइककडे पाठ करा, गुडघे वाकवा आणि कंबर सीटला टेकवा. एका हाताने हँडलची खालची मूठ धरा, दुसऱ्या हाताने मागची फ्रेम. पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान लहान पावलं टाकत मागे सरका. बाइक उभी होताना दुसऱ्या बाजूला कलंडणार नाही याकडे लक्ष ठेवा.

पहिल्या आठवड्यातच मोकळ्या जागेत, खाली जुनी गादी टाकून आणि सोबत कोणाला तरी उभं करून हा सराव करा. मुलींनो, ही कला फक्त ताकदीची नाही, तंत्राची आहे. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये एफआयएम बाहा वर्ल्ड कपमध्ये महिला गटाचं विजेतेपद मिळवलं. मोटरस्पोर्टमध्ये विश्वविजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय.

सराव कुठून सुरू कराल?

पहिले काही आठवडे फक्त शहरात चालवा. क्लच आणि ब्रेक हाताच्या सवयीचे झाले की सपाट मातीचं मैदान शोधा. फूटपेगवर उभं राहून, गुडघ्यांनी टाकी हलकी धरून, हळू चालवायला शिका. नजर समोरच्या वाटेवर ठेवा. दगडाकडेच बघत राहिलात तर बाइक त्याच दगडावर जाते.

खडीवर पुढचा ब्रेक झटक्यात दाबू नका. दोन्ही ब्रेक हळूहळू लावा आणि वेग आधीच कमी करा. कोकणातली जांभ्याची वाट असो, माळव्यातली काळी माती असो की स्पितीमधला दगडगोट्यांचा रस्ता, हा नियम सगळीकडे चालतो. पावसात भिजलेली काळी माती मात्र टायरला चिकटून चाकच अडवते. अशा दिवशी परत फिरणं शहाणपणाचं.

पुणे, बंगळुरूसारख्या शहरांच्या आसपास ऑफरोड प्रशिक्षण मिळतं. एक-दोन दिवसांचा वर्ग महागड्या एक्झॉस्टपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. आणि हो, गडांच्या वाटा, फुलांचे सडे, समुद्रकिनारे आणि कोणाचं शेत ही सरावाची ठिकाणं नाहीत.

बजेट मांडताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तर त्यापुढच्या बाइकवर तो ४० टक्के झाला. म्हणजे छोटी बाइक खिशालाही हलकी आहे. वाचलेले पैसे आयएसआय मार्कचं हेल्मेट, घोटा झाकणारे बूट, गुडघे-कोपरांचे गार्ड, हातमोजे आणि चांगलं जॅकेट यांसाठी ठेवा. हा खर्च नंतर करू असं म्हटलं की तो राहूनच जातो.

सेकंडहँड घेत असाल तर पुढच्या फोर्कमधून तेल गळतंय का, रिम वाकली आहे का, स्पोक सैल आहेत का आणि इंजिनाखालच्या प्लेटला किती मार बसलाय, हे ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा.

आईबाबांसाठी दोन शब्द

गिअरची बाइक चालवण्याचा परवाना १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मूल वयात आलेलं असेल तर सरसकट नकार देण्यापेक्षा अटी ठरवा. सहा महिने रोजचा वापर, एक प्रशिक्षण वर्ग, कच्च्या रस्त्यावर कधीही एकट्याने जायचं नाही आणि निघण्यापूर्वी रस्ता घरी सांगायचा. या अटी मान्य असणारं मूल बाइकलाही जबाबदारीने वागवेल.

छोट्या बाइकच्या मर्यादाही लक्षात घ्या

महामार्गावर ताशी ८० च्या आसपास ती खूश असते, त्यापुढे तिला दम लागतो. उंच डोंगरात हवा विरळ झाली की ताकद आणखी घटते. दोघं जण आणि भरपूर सामान घेऊन लांबचा पल्ला गाठायचा असेल तर ही बाइक तुमच्यासाठी नाही.

पण शिकायचं असेल तर हीच बाइक घ्या. वर्षभरात तुम्हाला खडी, वाळू, चिखल ओळखता येईल, ट्यूब बदलता येईल आणि आपण कुठे थांबायला हवं हेही कळेल. मग मोठी बाइक घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या. तोपर्यंत येत्या रविवारी शोरूममध्ये जाऊन आधी बाइकवर बसून बघा. बुकिंगची पावती त्यानंतर फाडा.