ऊब जमिनीतून, ताप छपरातून: घराच्या सुखाबद्दलचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातले सूरजागड आज लोहखनिजाच्या खाणीमुळे महाराष्ट्रभर माहीत आहे. याच डोंगराळ भागात घरेही बदलत आहेत. मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती आणि वर कवेलू किंवा गवत, ही जुनी रीत मागे पडते आहे. तिच्या जागी सिमेंटच्या भिंती, टिनाचे किंवा स्लॅबचे छत आणि टाइल्सची जमीन येते आहे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे धावतो आणि थंडीतल्या काही रात्री तो 10 अंशांच्या आसपास उतरतो. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून तिथल्या गरम फरशीचे कौतुकही आता आपल्याकडे पोहोचते. ती फरशी इथे उपयोगाची आहे का, हे ठरवण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज 1: खोलीतली हवा गरम झाली की घर उबदार होते.

वस्तुस्थिती: शरीराला हवेइतकीच भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता जाणवते. जमीन, भिंती, छत आणि शरीर यांच्यात अदृश्य किरणांनी उष्णतेची सतत देवघेव चालते. पौषातल्या रात्री शेकोटीपुढे बसले की छाती शेकून निघते आणि पाठ गारठलेलीच राहते. दोन्ही बाजूंची हवा जवळपास सारखीच असते, फरक किरणांचा असतो. वारा नसलेल्या खोलीत जाणवणारे तापमान हे हवेचे तापमान आणि पृष्ठभागांचे सरासरी तापमान यांच्या साधारण मध्यावर असते. हवा 38 अंश आणि पृष्ठभागांची सरासरी 44 अंश असेल, तर शरीराला 41 अंशांचा ताप सोसावा लागतो. गरम फरशीचे आणि तापलेल्या टिनाचे शास्त्र असे एकच आहे.

गैरसमज 2: जमीन गरम करणे ही परदेशातली नवी चैन आहे.

वस्तुस्थिती: सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक स्नानगृहांची जमीन बुटक्या खांबांवर उचलून खालून गरम धूर फिरवत. कोरियातल्या ओंडोल पद्धतीत चुलीचा धूर दगडी फरशीखालच्या वाटांमधून जात असे, म्हणजे एकाच जाळात स्वयंपाक आणि ऊब दोन्ही साधत. आपल्याच देशात काश्मीरमधल्या मशिदींत आणि अनेक घरांत हमाम असतो. त्याच्या दगडी जमिनीखाली लाकूड जळते आणि वर माणसे निवांत बसतात. आजच्या पद्धतीत धुराऐवजी नळ्यांतून कोमट पाणी फिरते किंवा विजेच्या तारा तापवल्या जातात.

गैरसमज 3: फरशी जितकी गरम, तितके सुख जास्त.

वस्तुस्थिती: माणसे वावरतात तिथे फरशीचा पृष्ठभाग 29 अंशांच्या वर जाऊ नये, असा युरोपातला मानदंड आहे. त्याहून गरम जमिनीवर पाय अवघडतात. सगळी जमीनच उष्णता देत असल्याने इतकी ऊब पुरेशी ठरते आणि नळ्यांतले पाणी उकळते असावे लागत नाही. मात्र ही व्यवस्था सावकाश चालते. सिमेंटमध्ये नळ्या बसवलेली जमीन तापायला काही तास लागतात आणि निवायलाही तितकाच वेळ जातो. महिनोन्‌महिने थंडी टिकते त्या प्रदेशात हा गुण आहे. पण पहाटे गारठा आणि दुपारी ऊन, असा इथला हिवाळा असतो. पहाटेसाठी तापवलेली जमीन दुपारी नकोशी होईल.

गैरसमज 4: पायाला गार लागणारी फरशी खरोखरच जास्त थंड असते.

वस्तुस्थिती: एका खोलीत रात्रभर ठेवलेला आलापल्लीच्या सागाचा पाट आणि शेजारची ग्रॅनाइटची फरशी यांचे तापमान जवळपास सारखेच असते. ग्रॅनाइट मात्र सागापेक्षा कितीतरी अधिक सहजतेने पायाची उष्णता ओढून घेतो, म्हणून तो झोंबतो. टाइल्सचेही तसेच आहे. सारवलेली जमीन, बांबूची चटई, घोंगडी किंवा गोधडी यांत हवा अडकलेली असते, म्हणून त्या सौम्य वाटतात. शिवाय घराखालची जमीन ऋतूंच्या मागून हळूहळू बदलते, त्यामुळे हिवाळ्यातल्या पहाटे ती बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते आणि मे महिन्यातल्या दुपारी गार असते. टाइल्सवर जाड चटई आणि घोंगडी अंथरली की इथल्या थंडीपुरते बरेच काम होते.

गैरसमज 5: घर पक्के झाले की ते आपोआप सुखाचे होते.

वस्तुस्थिती: पक्के घर पाऊस, वाळवी आणि साप-विंचू यांपासून अधिक बचाव करते, आणि ते मिळणे हा हक्काचा विषय आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतले ग्रामीण घरकुल किमान 25 चौरस मीटरचे असते. आदिम जमातींसाठी 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत माडिया गोंड कुटुंबांना घरासाठी 2 लाख रुपये मिळतात. पण एवढ्या लहान घरात छत डोक्याच्या जवळ असते, आणि तेच भर उन्हात तापते. टिनाचा पत्रा उन्हात काही मिनिटांत तापतो आणि थेट खाली उष्णता फेकतो. स्लॅब दुपारचे ऊन साठवतो आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो, म्हणून माणसे बाजा अंगणात काढतात. थंडीत चित्र उलटते. निरभ्र रात्री टिन आकाशाकडे उष्णता गमावून हवेपेक्षाही गार होते आणि पहाटे त्याला खालून पाणी सुटते. कवेलूंच्या फटींतून हवा खेळते आणि गवताचा जाड थर उष्णता अडवतो, म्हणून जुनी छपरे दोन्ही ऋतूंत सौम्य असत.

गैरसमज 6: फरशीतल्या नळ्यांत गार पाणी सोडले की उन्हाळ्याचाही प्रश्न मिटेल.

वस्तुस्थिती: कल्पना खरी आहे. हैदराबादजवळ पोचारम येथे इन्फोसिसने एकाच इमारतीच्या एका भागात स्लॅबमधल्या नळ्यांनी गारवा आणला आणि दुसऱ्या भागात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा बसवली. नळ्यांच्या भागात वातानुकूलनाची वीज सुमारे एक-तृतीयांश कमी लागली. पण तिथे हवेतला दमटपणा काढणारी यंत्रणाही होती. तिच्याशिवाय गडचिरोलीच्या पावसाळ्यात अशा जमिनीला घाम सुटेल आणि घर ओलसर होईल. पंप, देखभाल आणि अखंड वीज यांचा खर्च धरला तर लहान घराला ही व्यवस्था पेलणारी नाही.

गैरसमज 7: घरात शेगडी पेटवणे जुनेच आहे, त्यात धोका नाही.

वस्तुस्थिती: धूर कुडाच्या घरातही फुप्फुसांना बाधतोच, पण तिथे भिंतींच्या आणि छपराच्या फटींतून तो बाहेर तरी पडत असे. दारे-खिडक्या घट्ट लागणाऱ्या सिमेंटच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपले, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक समजू नयेत. शेकोटी अंगणातच असावी.

गैरसमज 8: छताला चुना लावला तर हिवाळ्यात घर गारठेल.

वस्तुस्थिती: पांढरे छत बरेचसे ऊन परत पाठवते. हिवाळ्यात दिवस लहान आणि सूर्य खाली असतो, त्यामुळे तोटा थोडा आणि उन्हाळ्यातला लाभ मोठा असतो. शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये यासाठी शीत छप्पर धोरण जाहीर केले. चुना पावसात धुपतो, तो दर उन्हाळ्याआधी पुन्हा लावावा लागतो.

सूरजागडच्या घरकुलात पैसा आधी छतावर खर्च व्हावा. वरून चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्यावा. टिनाखाली वीतभर जागा सोडून मातीने लिंपलेला बांबूचा तट्टा लावावा आणि मधल्या जागेतून वारा जाऊ द्यावा. हा तट्टा मे महिन्यातला ताप अडवतो आणि हिवाळ्यात गार पत्र्यापासून शरीराला आडोसा देतो. चुलीच्या वर मात्र तो लावू नये. पश्चिमेच्या भिंतीला मांडवाची सावली द्यावी. जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेने 2011 मध्ये आपल्या जंगलातल्या बांबूवरचा अधिकार प्रत्यक्षात मिळवला. ज्या गावांकडे असा हक्क आहे, त्यांना तट्ट्याचे सामान दुरून आणावे लागणार नाही. घरकुलाचा आराखडा मंजूर होताना छताखालच्या तट्ट्याची आणि चुन्याची मागणी ग्रामसभेत लेखी नोंदवावी. भिंती उभ्या राहण्याआधी ती केली, तर काम स्वस्तात आणि नीट होते.