आईच्या रात्रीच्या ताटात

आईच्या मांड्यांचं मांस उतरलंय हे मला कळलं ते तिच्या उठण्यावरून. देवघरातल्या पाटावरून उठताना तिचा हात आपसूक भिंतीकडे जायला लागला होता. वय 74, वजन 50 किलो. मग आठवडाभर मी तिचा प्रत्येक घास वजनकाट्यावर तोलला.

सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी दीड पोळी, भाजी, वाटीच्या तळाशी पातळ वरण. रात्री मऊ भात, तूप, चमचाभर मेतकूट. दिवसभराची प्रथिनं जेमतेम 22 ग्रॅम. पासष्टीपुढच्या माणसाला किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम हवीत, म्हणजे तिला 50 ते 60. ‘‘या वयात हलकंच बरं गं,’’ असं ती म्हणायची, आणि इतकी वर्षं मलाही ते पटत होतं.

पण जेवण हलकं केलं म्हणून पेशींतली मोडणी थांबत नाही. बिघडलेल्या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण चिकटते, प्रोटिएसोम त्याचे तुकडे करतं, सुटलेली अमिनो आम्लं नव्या बांधणीला लागतात. (2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल या शोधाचं.) ही मोडणी हवीच, तिच्यामुळे पेशी स्वच्छ राहते. पोट रिकामं असलं की स्नायू स्वतःची प्रथिनं मोडून इतर अवयवांना पुरवतात आणि जेवणानंतर ती झीज भरून निघते. म्हातारपणी अडतं ते या भरण्यात. तरुण स्नायू थोड्या प्रथिनावरही बांधणीला लागतो. वयस्कर स्नायूला एका जेवणात 25 ते 30 ग्रॅम लागतात. आईच्या मऊ भातात पाचसुद्धा नव्हती. रात्री आठपासून दुसऱ्या दुपारपर्यंत नुसती झीजच. एकादशीच्या साबुदाण्यात तर जवळजवळ निव्वळ स्टार्च.

मूत्रपिंडं ठीक आहेत ना, हे डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि मगच ताट बदललं. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, दुपारी घट्ट वरण आणि उसळ, रात्री भाताबरोबर पनीर, झोपताना कपभर दूध. एकादशीला भगर, दाण्याची आमटी, दही. शिवाय रोज खुर्चीतून दहादा उठबस, कारण कष्टाशिवाय नुसत्या खाण्याने स्नायू धरत नाही.

चार महिने झाले. परवा पूजा आटोपून आई पाटावरून उठली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत ताम्हन होतं.