कुत्रा आणायचाय? आधी हे तपासा!

"बाबा, कुत्रा हवा!" हा हट्ट आमच्याही घरी दोन वर्षं चाललाय. प्रोजेक्ट घेण्याआधी आपण रिक्वायरमेंट्स बघतो ना, तसंच इथेही. कुत्रा साधारण १०-१३ वर्षं जगतो. म्हणजे लेक कॉलेजला गेली तरी बर्फात फिरवायला आपणच! शिवाय लसी, दर महिन्याची हार्टवर्मची गोळी, व्हेटचं बिल. शिऱ्यातले बेदाणे, भाजीतला कांदा-लसूण त्याला विषारी, हे आलेल्या आजी-आजोबांनाही सांगायला हवं.

म्हणून आम्ही शेल्टरमधला कुत्रा आधी महिनाभर 'फॉस्टर' म्हणून आणला. परत सोडताना लेकीपेक्षा मीच जास्त रडलो! पण भारतवारीचे चार आठवडे त्याला कोण सांभाळणार? हे ठरल्याशिवाय आणायचा नाही, हे लेकीलाही पटलं. मंडळात कोणी आळीपाळीने सांभाळायला तयार आहे का?