चाकोरी : रोजच्या बोलण्यातला शब्द, बैलगाडीच्या वाटेवरचा

‘चाकोरीबाहेरचा विचार’, ‘चाकोरीबद्ध आयुष्य’ हे आपण सर्रास बोलतो. पण चाकोरी म्हणजे नेमकं काय? रोज तेच काम, म्हणून हा शब्द ‘चाकरी’वरून आला असेल, असं काहींना वाटतं. ते बरोबर नाही. ‘चाकर’ हा फारसीतून आलेला शब्द. चाकोरीचं मूळ आपल्या ‘चाक’ या शब्दात आहे.

चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पडलेली खोलगट रेघ. पावसाळ्यात चिखलात चाकं रुततात, पुढे ऊन पडलं की ती रेघ कडक वाळते. मागून येणाऱ्या गाडीची चाकं आपोआप त्यातच उतरतात. गाडीवानाला कासरा ओढावा लागत नाही, बैल सवयीने चालतात. त्रास होतो तो बाहेर पडताना. चाक काठावर चढवायला बैलांना जोर लावावा लागतो आणि गाडी कलंडायची भीती असते. सोय आणि अडकणं, दोन्ही या एका शब्दात आहे ते यामुळेच.

‘चाक’ आलं संस्कृत ‘चक्र’वरून. प्राकृतात ‘चक्क’ झालं, मराठीत जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांबला. हस्त, हत्थ, हात किंवा सप्त, सत्त, सात यांचीही हीच वाट. उच्चारातही खूण आहे. ‘चक्र’मधला च ‘चहा’सारखा, तर ‘चाक’मधला ‘चटणी’सारखा. हा दुसरा च हिंदीत नाही. त्यामुळे हिंदी शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडून तो हळूहळू निसटतो. घरात मोठ्यांनी बोलून दाखवला, तरच टिकतो.

शेजारच्या भाषांत चाकाला नावं वेगळी. कन्नडमध्ये गाली, हिंदीत पहिया, गुजरातीत पैडुं, तर गोव्यात कोंकणीत पोर्तुगीजांकडून आलेला ‘रोद’. पण चाकोरीची कल्पना मात्र अनेकांकडे आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘लीक से हटकर’ म्हणतात, त्यातली लीक म्हणजे गाडीवाटेची रेघच. बडोद्यात ‘चीलाचालु’ म्हणजे ठरीव, नेहमीचं. त्यातला चीलो म्हणजेही चाकोरी. शब्द निरनिराळे, पण वाट सगळ्यांनी एकच पाहिलेली.

आता लोखंडी धावेची चाकं जाऊन रबरी टायर आले, रस्ते डांबरी झाले. मुलांना चाकोरी भेटते ती फक्त निबंधात, ‘ठरावीक पद्धत’ एवढ्याच अर्थाने. तरी ती पार गेलेली नाही. ओल्या रानातून उसाचा ट्रॅक्टर बाहेर पडला की मागे दोन खोल रेघा उरतात. मुलांना शब्द समजावायचा असेल, तर त्या दाखवाव्यात. हीच ती चाकोरी.