उतरताना पाय जपा
धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्य पावसाळ्यात हिरवेगार होते. धबधबे वाहू लागले की बालाघाटच्या या डोंगरात पर्यटकांची पावले वळतात. चढताना धाप लागली की माणूस थांबतो; उतरताना मात्र घाई करतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. ते थकले की गुडघे लटपटतात आणि शेवाळलेल्या दगडावर पाय घसरतो. म्हणून परतीसाठी ताकद राखा, छोटी पावले टाका, हाती काठी ठेवा. पाय मुरगळून चार पावलेही टाकता येत नसतील तर चोळू नका. आधार बांधून एक्स-रे काढून घ्या. दोन दिवस मांड्या दुखणे स्वाभाविक आहे. मात्र लघवी काळपट झाल्यास तातडीने रुग्णालय गाठा.