न्यू इंग्लंडच्या मातीतली चिल्लर

१८४० च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मेन राज्यात, कॅस्टिन गावाजवळच्या नदीकाठी, स्टीफन ग्रिंडल नावाचा शेतकरी आणि त्याचा मुलगा लाकडं ओढून नेत होते. वाटेत त्यांना चांदीचं एक नाणं दिसलं. उकरलं तर आणखी निघाली. मग बर्फ पडलं, काम थांबलं आणि वसंत ऋतूत बापलेकांनी पुन्हा कुदळ घेतली. शेकड्यांनी नाणी बाहेर आली. त्यात फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, डच अशी सगळी होती आणि त्यांच्यातच मॅसॅच्युसेट्सच्या टांकसाळीतले, पाइनचं झाड कोरलेले शिलिंगही होते. सतराव्या शतकातल्या माणसाची चांदी कुठकुठून यायची, याचा तो आयता पुरावा होता.

पण पुढची शंभरेक वर्षं वसाहतकालीन नाण्यांचा अभ्यास झाला तो मुख्यतः संग्राहकांच्या पेट्यांवरून. सिल्व्हेस्टर क्रॉस्बी यांचा अमेरिकेच्या आरंभीच्या नाण्यांवरचा ग्रंथ १८७५ मध्ये आला आणि अजूनही जाणकार तो हाताशी ठेवतात. पेटीत मात्र चांगलं तेच जातं. ठसठशीत छापाचं, दुर्मीळ नाणं जपलं जातं आणि झिजलेलं, तुटलेलं, खोटं निघालेलं टाकून दिलं जातं. लोकांच्या खिशात खरोखर काय खुळखुळत होतं, हे ठरवायला जमिनीचीच साक्ष हवी होती. ती मिळवून देणारं यंत्र यायला बराच वेळ लागला.

त्याचा सुरुवातीचा एक प्रयोग एका मरणासन्न माणसावर झाला. जुलै १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे अडकली आहे ते शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युतचुंबकीय यंत्र जुळवलं. गोळी सापडली नाही. पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं, असं मानलं जातं. पुढे जर्मनीहून अमेरिकेत आलेले गेरहार्ड फिशर विमानांसाठी दिशादर्शक रेडिओ यंत्रणा बनवत असताना, खनिजाचे साठे जवळ आले की ती चुकते, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९३७ मध्ये त्यांना धातुशोधकाचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधायचं सुटसुटीत यंत्र बनवलं आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात ते वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर सैन्याची जादा यंत्रं बाजारात आली आणि सामान्य माणूस कानाला हेडफोन लावून शेतात फिरू लागला. १९७० च्या दशकात लोखंडी खिळा आणि चांदी-तांबं यांत फरक करणारी यंत्रं मिळू लागली, तेव्हा या छंदानं खरा जोर धरला.

न्यू इंग्लंडमध्ये हा छंद इतका का रुजला, याचं उत्तर तिथल्या जंगलात आहे. आज कनेटिकट, व्हरमाँट, न्यू हॅम्पशर या राज्यांत जिथे घनदाट झाडी दिसते, तिथे दोनशे वर्षांपूर्वी उघडी कुरणं आणि शेतं होती. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला, पश्चिमेची सुपीक जमीन आवाक्यात आली आणि दगडधोंड्यांशी झुंजणारी कुटुंबं घरं सोडून निघून गेली. शेतांवर रान माजलं, लाकडी घरं कुजली. उरले ते बांधाचे दगड आणि तळघराचा दगडी खड्डा. जाणती मंडळी १८५० च्या दशकातले परगण्यांचे नकाशे काढून बसतात, कारण त्यांवर घराघरापुढे मालकाचं नाव छापलेलं असे. रानात ऐन झाडीत लायलॅकची जुनी झुडपं फुललेली दिसली की तिथे कधीकाळी अंगण होतं, हे ओळखावं. नाणी बहुधा खुद्द खड्ड्यात मिळत नाहीत. दारापासून विहिरीपर्यंतची वाट, गाडी उभी करायची जागा, बांधातलं फाटक, म्हणजे जिथे माणूस वाकतो, चढतो, उतरतो तिथे ती पडलेली असतात.

आणि नाण्याआधी इतर वस्तूंचा ढीग निघतो. चपटी पितळी बटणं, बुटांची बक्कलं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या. १९६० च्या दशकापासूनच्या शीतपेयांच्या डब्यांची अॅल्युमिनियमची कडी तर प्रत्येकाच्या पिशवीत असते.

वसाहतींत नाण्यांची टंचाई कायमचीच होती. इंग्लंड तिथे पुरेशी चांदी पाठवत नव्हतं आणि वसाहतींनी स्वतःची टांकसाळ घालणं त्याला मान्य नव्हतं. १६६१ पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा कायदेशीर चलन होत्या. १६५२ मध्ये बॉस्टनला जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन यांनी टांकसाळ सुरू केली, तेव्हा इंग्लंडात राजाच नव्हता. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद १६४९ मध्ये झालेला. टांकसाळ पुढे तीस वर्षं चालली, राजा परत गादीवर आला, तरी ‘१६६२’ कोरलेलं दोन पेन्सचं एक नाणं सोडलं तर साल घातलेल्या सगळ्यांवर १६५२ हेच राहिलं. तेव्हा जमिनीतून निघालेल्या पाइनवृक्षाच्या शिलिंगाचं वय त्यावरच्या सालावरून ठरत नाही. ते ठरवायचं झाडाच्या आकारावरून, नाण्याच्या व्यासावरून आणि साच्यातल्या बारकाव्यांवरून. वजन ७२ ग्रेन, म्हणजे सुमारे ४.६७ ग्रॅम. इंग्लिश शिलिंगपेक्षा ते मुद्दाम कमी ठेवलं होतं, चांदी वसाहतीबाहेर जाऊ नये म्हणून. या नाण्यांना आज काय मोल आलंय, पाहा. त्याच टांकसाळीचं, ‘एनई’ अक्षरं उमटवलेलं तीन पेन्सचं एक चिमुकलं नाणं नेदरलँड्समधल्या जुन्या कपाटात सापडलं आणि २०२४ मध्ये लिलावात २५ लाख डॉलरच्या वर गेलं.

शेतात मात्र असं घबाड क्वचित लागतं. तिथे मिळते ती स्पॅनिश अमेरिकेतली चांदी आणि तांब्याची झिजलेली चकती. स्पॅनिश डॉलर अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होता. त्याचे छिन्नीनं कापलेले पाचरीसारखे तुकडे सुट्या पैशांचं काम करत. असा अर्धा-पाव तुकडा मिळाला तर त्यावर टांकसाळीची खूण उरली आहे का, हे आधी बघतात. ‘एम’च्या डोक्यावर छोटा ‘ओ’ असला की ते मेक्सिकोचं.

खरी कसोटी तांब्याची. न्यू इंग्लंडच्या आम्लधर्मी मातीत तांबं खराब होतं. हिरवट-काळी, २८ मिलिमीटरची चकती हाती आली की पहिला नियम म्हणजे ती घासायची नाही. बोटानं चोळलं तरी मातीबरोबर उरलासुरला छाप निघून जातो. दातकोरणीनं कडेकडेनं माती काढायची, मग वजन करायचं. दहा ग्रॅमच्या आसपास भरलं तर इंग्लंडचा अस्सल हाफपेनी असायची शक्यता. साडेसात ग्रॅमच्या जवळ असेल तर विल्यम वुड यांचा १७२२ ते १७२४ मधला आयर्लंडसाठीचा हाफपेनी, नाहीतर कुणीतरी पाडलेलं खोटं नाणं. नंतर दिवा बाजूनं, अगदी तिरपा धरायचा. सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर चेहऱ्याची सावली उठते. तोंड डावीकडे असलं तर दुसरा जॉर्ज, उजवीकडे असलं तर बहुधा तिसरा. मागे बसलेली ब्रिटानिया आहे, वीणेसारखं वाद्य आहे की घोड्याचं डोकं आणि खाली नांगर? घोडा आणि नांगर दिसले की ते न्यू जर्सीचं, १७८६ ते १७८८ मधलं.

कनेटिकटचं तांबं (१७८५ ते १७८८) या सगळ्यांत चिवट. दर्शनी बाजूला लॅटिनमध्ये ‘कनेटिकटच्या अधिकारानं’ आणि मागे ‘स्वातंत्र्य आणि मुक्ती’, पण चेहरेपट्टी इंग्लंडच्या राजाच्या नाण्यावरूनच उचललेली. साचे हातानं कोरलेले असल्यानं ते तीनशेहून अधिक प्रकारांत मिळतं. हेन्री मिलर यांनी त्यांची यादी केली. दर्शनी साच्याला आकडा, मागच्याला अक्षर. एखादं ‘३३.२-झेड.५’ ओळखायचं तर लेखातलं एखादं विरामचिन्ह कुठे आहे, एखादं अक्षर किती कललंय, हे भिंगाखाली पाहावं लागतं. अर्धा लेख झिजलेला असताना हे जमवणाऱ्यांचा अभ्यास विद्यापीठातल्या अभ्यासकाइतकाच गंभीर आहे, यात शंका नाही.

खोट्या नाण्यांची तर वेगळीच गंमत. न्यूयॉर्कमधल्या न्यूबर्गजवळ थॉमस मॅचिन यांनी १७८७ मध्ये टांकसाळ घातली. क्रांतियुद्धात हडसन नदीवर ब्रिटिश जहाजांना अडवणारी लोखंडी साखळी ज्यांच्या देखरेखीखाली बसली, तेच हे मॅचिन. देश स्वतंत्र झालेला असताना त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडत होते तिसऱ्या जॉर्जचे नकली हाफपेनी, मागची सालं घालून. १७८९ च्या उन्हाळ्यात तांब्याच्या नाण्यांची पत एकाएकी कोसळली. आज याच नकली नाण्यांना संग्राहक अस्सलापेक्षा जास्त किंमत देतात.

या छंदाची एक बाजू खटकणारी आहे. नाणं मातीतून निघालं की ते किती खोल होतं, कोणत्या थरात होतं, शेजारी काय होतं, ही माहिती त्याच क्षणी नष्ट होते. कुणी ती लिहून ठेवली नाही तर नाण्याचा निम्मा इतिहास पुसला जातो. १९७९ च्या कायद्यानं अमेरिकेत संघराज्याच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना परवान्याविना हात लावणं गुन्हा ठरवलं. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी पुरते. पुरातत्त्वज्ञ आणि शोधक बराच काळ एकमेकांकडे पाठ करून होते. १९८४ मध्ये माँटाना राज्यात लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधकवाल्या स्वयंसेवकांना बरोबर घेतलं. गवताच्या वणव्यानं उघड्या पडलेल्या जमिनीवर प्रत्येक गोळी आणि काडतूस जागच्या जागी नोंदवलं आणि लढाई कशी सरकत गेली याचा नकाशाच तयार केला. यंत्र तेच, माणसं तीच. फरक पडला तो नोंदीमुळे.

नोंदीचं मोल ऱ्होड आयलंडच्या एका नाण्यानं सर्वांत ठळकपणे दाखवलं. २०१४ मध्ये मिडलटाउन इथल्या एका फळबागेत एका शोधकाला चांदीचं छोटं, काळपट नाणं मिळालं. आधी ते स्पॅनिश किंवा मॅसॅच्युसेट्सचं वाटलं. स्वच्छ केल्यावर अरबी अक्षरं दिसली. नाणं १६९३ चं, येमेनमधलं निघालं. पुढच्या काही वर्षांत मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कनेटिकटमध्ये अशी डझनाहून जास्त अरबी नाणी पुढे आली. २०१८ मध्ये कनेटिकटच्या पुरातत्त्वज्ञांनाही सतराव्या शतकातल्या शेतवाडीच्या जागी असं एक नाणं सापडलं.

येमेनची चांदी तिथे पोचली कशी, याचा माग सुरतेपर्यंत जातो. सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज हजचे यात्रेकरू आणि येमेनमधल्या मोखाच्या आणि जेद्दाच्या बाजारात विकलेल्या हिंदी मालाचे पैसे घेऊन सुरतेकडे परतत होतं. हेन्री एव्हरी या इंग्लिश चाच्यानं ते लुटलं आणि त्याच्या माणसांनी यात्रेकरूंवर अनन्वित अत्याचार केले. खाफीखान लुटीचा आकडा ५२ लाख रुपये देतो. मोगल इतिहासकारांपैकी हा मराठी वाचकांच्या ओळखीचा. मुंबईचे इंग्रज आपल्या राजाच्या नावानं रुपये पाडतात, ही तक्रारही त्यानंच नोंदवली आहे. बादशहा त्या वेळी मराठ्यांच्या पाठलागावर होता, सोलापूर भागात भीमेकाठच्या ब्रह्मपुरीच्या छावणीत. सुरतेतले इंग्रज व्यापारी कैदेत पडले, लंडनहून एव्हरीला पकडण्यासाठी इनाम जाहीर झालं. त्याचे पाच साथीदार १६९६ मध्ये फासावर गेले, तो स्वतः कधीच हाती लागला नाही. त्याच वर्षी ‘सी फ्लॉवर’ हे जहाज चार डझनांच्या आसपास गुलाम घेऊन ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला आलं. मिडलटाउनच्या शोधकानं जुन्या कागदपत्रांतून ते एव्हरीच्या माणसांशी जोडून दाखवलं.

तरी प्रश्न उरतोच. न्यूपोर्टचाच थॉमस ट्यू नावाचा चाचा १६९४ मध्ये लाल समुद्रातली लूट घेऊन घरी आला होता. १६९५ च्या मोहिमेत तोही निघाला आणि मारला गेला. मिडलटाउनचं १६९३ चं नाणं दोघांपैकी कुणाच्याही पिशवीतून पडलेलं असू शकतं. सापडलेल्या अरबी नाण्यांपैकी एकही ‘गंज-इ-सवाई’च्या लुटीनंतरच्या सालाचं नाही, ही गोष्ट दोघांनाही लागू पडते. ट्यूनं १६९३ मध्ये लूट केली, त्यामुळे १६९४ किंवा १६९५ हे साल वाचता येणारं एखादं अरबी नाणं, सापडल्या जागेच्या नोंदीसकट मिळालं, तर पारडं एव्हरीकडे झुकेल.