पाण्याचं दुखणं सांगणाऱ्या गोगलगायी

परवा रिहे गावच्या ओढ्यात भाचीला जिवंत शिंपला सापडला. "मामा, हा खातो काय?" या तिच्या प्रश्नावरून ही पोस्ट.

शिंपला पाणी गाळून पोट भरतो. गाळताना त्यातलं शिसं, कॅडमियम, तेलाचे अंशही अंगात साठतात. बाटलीभर पाणी तपासलं तर त्या वेळेपुरतंच कळतं. एका जागी राहणाऱ्या जिवाच्या अंगात मात्र कित्येक आठवड्यांचा हिशेब असतो. म्हणून अमेरिकेत 1986 पासून किनाऱ्यावरचे शिंपले नियमित तपासतात.

आपल्याकडचं काम मला जास्त भावतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. अनुपम सरकार आणि सहकाऱ्यांनी प्रदूषणाने इजा होते का हे पाहायला गोव्याच्या खडकांवरच्या समुद्री गोगलगायींचा थेट डीएनए तपासला. तुलनेने स्वच्छ किनाऱ्यापेक्षा दोना पावला, वास्कोकडच्या गोगलगायींत तो जास्त तुटलेला निघाला.

हे कळतं कसं? एक पद्धत फार सुंदर आहे. पेशी जेलमध्ये बसवून काचपट्टीवर पसरतात, त्यांचं आवरण विरघळवतात आणि वीजप्रवाह सोडतात. अखंड डीएनए जागीच राहतो, तुटलेले तुकडे पुढे सरकतात. सूक्ष्मदर्शकाखाली धूमकेतूसारखी शेपटी दिसते. शेपटी मोठी, तर इजा मोठी. नावही 'कॉमेट' चाचणी!

ऊन आणि तापमानानेही डीएनए तुटतो, त्यामुळे स्वच्छ जागेशी तुलना हवीच.

मुळा-मुठा नद्यांतल्या शिंपल्यांचीही अशी तपासणी व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.